काळ्या पानांची बाग: सांगलीच्या उन्हात, सांगलीच्या मातीत

ताई, तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. सांगलीत विश्रामबागेत तुमचं घर आहे. पुढे पूर्वेकडे तोंड केलेलं छोटं अंगण, वर गच्ची, माती काळी आणि पाणी बोअरचं. तुम्ही नर्सरीतून काळं अळू, काळ्या पानांचा रताळवेल आणि काळा झेडझेड (जाड, चकचकीत पानांचं शोभेचं झाड) आणलात. दोन महिन्यांत अळू आणि वेल हिरवट पडले. गच्चीवर नेलेल्या कुंड्यांची पानं कडेनं करपली. झेडझेडला काळ्याऐवजी पोपटी कोंब आला. ऑनलाइन मागवलेलं ‘काळ्या गुलाबाचं बी’ उगवलंच नाही. आणि सासूबाईंचं म्हणणं, दारात काळं नको. आपल्या हवेत अशी बाग जमते का आणि कोणती झाडं घ्यावीत, हे तुम्हाला हवं आहे.

जमते, आणि चांगली जमते. मी साताऱ्यात रोपवाटिका चालवतो आणि गडद पानांची झाडं हा माझा खास जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी झेडझेड, कारण त्यात बिघडलेलं काहीच नाही. ‘रेव्हन’ नावाची ही जात दक्षिण कोरियातून आली. तिचा नवा कोंब लख्ख पोपटीच निघतो आणि पान जून होत जाताना, काही महिन्यांत, काळं होतं. नर्सरीवाल्यानं तुम्हाला फसवलेलं नाही. ते झाड घरात खिडकीजवळ ठेवा, कुंडीतली माती तळापर्यंत सुकल्यावरच पाणी द्या आणि वाट बघा. झेडझेड मरतो तो बहुतेक वेळा जास्त पाण्यानं.

अळू आणि वेलाचं मात्र कारण समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी बाग त्यावर उभी राहणार आहे. काळं दिसणारं पान आतून हिरवंच असतं. त्यात हरितद्रव्य असतं आणि त्यावर अँथोसायनिन नावाच्या जांभळ्या-लाल रंगद्रव्याचा थर चढतो. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषतं, अँथोसायनिन हिरवा शोषतं. परत फिरायला फारसा प्रकाश उरत नाही, म्हणून पान काळं दिसतं. जांभूळ, जांभळं वांगं आणि कोकम यांचा रंग याच घराण्यातला. तुमच्या अळवाचं एक जुनं पान तोडून सूर्याकडे धरा, ते मद्यासारखं लाल दिसेल. खरा काळा रंग वनस्पतीत जवळपास नसतोच, हा असा दाट झालेला जांभळा असतो.

झाड हा रंग कशासाठी बनवतं? मुख्यतः संरक्षणासाठी. पानाला वापरता येईल त्यापेक्षा जास्त ऊन पडलं, रात्री गार झाल्या, किंवा वाढीचा वेग नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, अभावी मंदावला, की पानात साखर साठते आणि रंगद्रव्य वाढतं. उलट सावली मिळाली आणि नत्र भरपूर मिळालं की झाड पानं काढत सुटतं. ती पानं मोठी, लुसलुशीत आणि हिरवी येतात. तुम्ही लिहिलंय की अळू जिन्याखालच्या ओल्या कोपऱ्यात लावलं आणि गावाकडून आणलेला युरिया ‘चिमूट चिमूट’ दिला. तेवढ्यात सगळं आलं. अळवाला तुम्ही सावली दिली, ओल दिली आणि नत्र दिलं, त्याला काळं व्हायचं काही कारणच उरलं नाही. झाड ठणठणीत आहे, रंग गेलाय तो परत येईल.

म्हणून माझं सांगणं एवढंच: नर्सरीतून झाड आणता येतं, त्याचा काळेपणा मात्र तुमच्या अंगणातल्या उन्हानं आणि तुमच्या खताच्या हातानं रोज घडतो. झाडाची निवड त्यानंतरची गोष्ट.

ऊन किती? बहुतेक काळ्या झाडांना चार ते सहा तास थेट ऊन लागतं. तुमचं अंगण पूर्वेला आहे, म्हणजे सकाळचं ऊन सरळ मिळतं आणि दुपारी घराची सावली येते. सांगलीसाठी ही उत्तम जागा आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पश्चिमेचं ऊन पानाला झेपत नाही. सकाळचं ऊन रंग देतं आणि पान करपवत नाही. गच्चीवर जे झालं ते वेगळं. रोपं नर्सरीत शेडनेटखाली वाढलेली असतात आणि आपण ती आणल्या दिवशी उघड्या गच्चीवर नेऊन ठेवतो. पान त्या उन्हाला तयार नसतं. आधी चार-पाच दिवस सावलीत, मग रोज तासभर सकाळचं ऊन, मग दोन तास, असं करत पंधरा दिवसांत गच्चीवर न्या. करपलेलं पान सुधारत नाही, ते काढून टाका. नवीन येणारं पान उन्हाच्या हिशेबानंच बनलेलं येईल.

दुसरं, कुंडी. काळं झाड काळ्या कुंडीत शोभतं म्हणून लोक काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या घेतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्लॅबवर ठेवलेली काळी कुंडी इतकी तापते की कडेची मुळं शिजतात, आणि पानाच्या कडा सुकतात त्या उन्हानं नव्हे, मुळं मेल्यानं. मातीची कुंडी घ्या. प्लॅस्टिकचीच असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या पोकळीत भुसा किंवा वाळू भरा. कुंडीखाली विटा ठेवा, स्लॅबला टेकू देऊ नका.

खताबद्दल. युरिया, डीएपी आणि १९:१९:१९ ही नत्र देणारी खतं या बागेत नकोत. लागवडीच्या वेळी चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढ्यावर बहुतेक झाडांचं भागतं. ताजं शेणखत नत्रही सोडतं आणि हुमणीही (मुळं खाणारी अळी) आणतं, ते टाळा. पावसाळा संपताना ००:००:५० हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, महिन्यातून एकदा द्या. ते पालाश, म्हणजे पोटॅश, आणि गंधक देतं, नत्र देत नाही. नत्र पूर्ण तोडायचं नाही, नाहीतर झाड खुरटतं आणि खालची पानं गळतात. आखडता हात ठेवायचा, बंद नाही.

आता तुमची माती आणि पाणी. कृष्णाकाठची काळी माती ऊस आणि हळदीसाठी सोनं आहे, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते. तिचा सामूही (पीएच) अल्कधर्मी असतो. कुंडीसाठी काळी माती एक भाग, शेणखत एक भाग आणि बारीक मुरूम किंवा जाड वाळू एक भाग घ्या. अंगणात जमिनीत लावायचं असेल तर वाफा वीतभर उंच करा. बोअरच्या पाण्याचं जास्त जपावं लागतं. वाळवा, मिरज, पलूस भागात क्षारपड जमिनी आपण डोळ्यांनी बघतो, तेच क्षार थोड्या प्रमाणात तुमच्या कुंडीत साठतात. कुंडीच्या कडेवर पांढरी पुटं दिसली की समजायचं. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी एकदम सोडून क्षार खाली वाहू द्यायचे. पावसाचं पाणी पिंपात धरता आलं तर या झाडांसाठी राखून ठेवा.

इथे काळ्या पानांची एक अडचण आहे, ती फार कमी लोक सांगतात. हिरव्या झाडाला लोह कमी पडलं तर नवीन पान पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात, लगेच कळतं. काळ्या पानात हरितद्रव्य झाकलेलं असल्यानं ते पिवळेपण दिसतच नाही. पान फक्त विटकं, गुलाबीसर, मेलेल्या रंगाचं दिसतं आणि आपल्याला वाटतं ऊन जास्त झालं. शेंड्याची पानं अशी येत असतील आणि खालची गडदच असतील, तर कारण बहुधा लोहाचं आहे. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारा आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा.

आता झाडं. मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात आपल्याच घरातल्यांपासून केली असती.

कृष्ण तुळस घ्या. दोन हात उंचीची, जांभळ्या खोडाची, काळपट पानांची तुळस सकाळच्या उन्हात इतकी देखणी दिसते की परदेशी झाडाची गरज वाटू नये. पण बियाण्यावर विसंबू नका. राम तुळस आणि कृष्ण तुळस शेजारी असल्या की मधमाशा परागकण इकडचे तिकडे करतात आणि बीपासून येणारी रोपं हिरवी, तपकिरी, जांभळी अशी सरमिसळ निघतात. रोपं चार पानांची झाली की सगळ्यात गडद तेवढी ठेवा. किंवा आवडलेल्या झाडाची बोटभर लांब फांदी, मंजिऱ्या काढून, पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात आणि रंग आईसारखाच राहतो. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर पानं दाट येतात.

मग वडीचं अळू. आपल्या बाजारात काळ्या देठाचं अळू मिळतं, देठ जवळजवळ जांभळा-काळा आणि पान गर्द हिरवं. भाजीवाल्या मावशींकडून मुळासकट एक गड्डा मागून घ्या. पूर्ण काळ्या पानांचं जे तुम्ही आणलंय ते ‘ब्लॅक मॅजिक’ असावं. तेही अळूच, पण त्याचं नवीन पान हिरवट उमलतं आणि उन्हात चढत चढत काळं होतं. या दोघांना पाय ओले आणि डोकं उन्हात, अशी जागा हवी. कुंडी पसरट घमेल्यात ठेवा आणि घमेल्यात चार बोटं पाणी असू द्या. डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ते पाणी बदला. अंगणात बाथरूमचं किंवा पागोळीचं पाणी जिथे जातं तिथे लावलं तर वेगळं पाणी घालावं लागत नाही, मात्र तिथे ऊन हवं. थंडीत ते सुस्तावतं, पानं लहान येतात, घाबरू नका. मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा उसळतं. शोभेचं म्हणून विकलेलं अळू खायला वापरू नका, त्यावर कोणती औषधं मारलीत ते आपल्याला ठाऊक नसतं. खाजेचं कारण सगळ्या अळवांत एकच, पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. लहान मुलं असतील तर त्यांना देठ चघळू देऊ नका. झेडझेडलाही हेच लागू आहे.

काळी हळद तर सांगलीकराच्या अंगणात असायलाच हवी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरची हळदीची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) सगळ्यांना माहीत आहेत, पण या पिकाची काळी बहीण फारशी कुणी लावत नाही. पान हिरवंच असतं, मधल्या शिरेवरून गडद किरमिजी पट्टा जातो आणि कंद कापला की आत निळसर काळा गर दिसतो. आपल्या हळदीसारखीच अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंत लावायची. अर्धवट सावलीही चालते, म्हणजे तुमचा तो जिन्याखालचा कोपरा, जिथे अळू हिरवं पडलं, तिथे थोडं तरी ऊन येत असेल तर ही लावा. पाणी मात्र साचता कामा नये. जानेवारीत पानं वाळून खाली बसतात, तेव्हा कंद काढा किंवा तसेच राहू द्या. दोन गोष्टी जपा. किरमिजी पट्टा हळदीच्याच कुळातल्या कचोऱ्याच्या पानावरही असतो, त्यामुळे पट्टा पाहून विकत घेऊ नका, कंदाचा टवका काढून आतला रंग बघा. आणि काळ्या हळदीवरून पैसा ओढणाऱ्या, करणी-धनलाभाच्या गोष्टी सांगून एकेका कंदाचे हजारो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहा. ते एक साधं कंदपीक आहे, आणि त्याच्या एका गड्ड्याचे वर्षभरात भरपूर गड्डे होतात.

तुमचा रताळवेल, म्हणजे ‘ब्लॅकी’, सांगलीच्या उन्हाला अगदी योग्य. तो गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडा. हिरवट झालेली टोकं कापून टाका आणि उन्हात न्या, तीन आठवड्यांत नवीन पालवी काळी येईल. कापलेली टोकं मातीत खुपसली की लागतात. भादव्यात पानं खाणाऱ्या मोठ्या अळ्या येतात, काळ्या पानांत त्या सापडत नाहीत, पण खाली फरशीवर काळ्या-हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसतात. लेंड्या दिसल्या की वरच्या फांदीवर शोधा आणि हातानं वेचा.

झुडपांमध्ये आपल्या नर्सऱ्यांत सहज मिळणारी तीन नावं. लाल युफोर्बिया, ज्याला काही जण लाल पानांची शेर म्हणून विकतात: मद्यरंगी, माणसाएवढं वाढणारं, जतच्या कोरड्या हवेतही तगणारं. त्याचा चीक मात्र वाईट आहे, कातडीवर फोड येतात आणि डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. छाटणी करताना हातमोजे आणि चष्मा वापरा, आणि घरात रांगतं मूल असेल तर हे झाड घेऊच नका. दुसरं जांभळ्या पानांचं एरँथेमम, कुंपणाला उत्तम आणि छाटणी सोसणारं. तिसरी जांभळ्या पानांची अंबाडी, जास्वंदीच्या कुळातली. फांदी लावली की येते, पान चवीला आंबूस असतं आणि एका पावसाळ्यात छातीएवढी होते. तिचा शेंडा सारखा खुडावा लागतो, नाहीतर काठी उभी राहते.

जमिनीलगत पसरायला पर्पल हार्ट आणि हेमिग्राफिस. पर्पल हार्ट भर उन्हात गडद जांभळा होतो आणि सावलीत फिका हिरवा, उन्हाचा अंदाज घ्यायला तोच लावून बघा. हेमिग्राफिसची पानं चंदेरी-जांभळी असतात आणि त्याला दुपारची सावली आवडते. जांभळं फाउंटन गवत गच्चीसाठी फार चांगलं, त्याचे तुरे संध्याकाळी पेटल्यासारखे दिसतात. फेब्रुवारीत ते वीतभर ठेवून कापा.

घरात ठेवायला गडद रबर प्लांट, खिडकीला लागून. तो घराजवळ जमिनीत कधीही लावू नका, वडाच्या कुळातला आहे आणि मुळं घराच्या पायात शिरतात.

मिरचीत ‘ब्लॅक पर्ल’ नावाची शोभेची जात आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी ती तयार केली आणि २००६ मध्ये तिला तिथला ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला. रोप हिरवं असतं, ऊन लागलं की पानं कुळकुळीत काळी होतात, मण्यासारख्या मिरच्या आधी काळ्या आणि मग लाल. बी मिळालं तर सप्टेंबरात टाका. फुलकिड्यांमुळे चुरडामुरडा होतो, त्यासाठी निळे चिकट सापळे लावा. काळा टोमॅटो ‘इंडिगो रोझ’ हा ओरेगॉन स्टेट विद्यापीठाचा. त्यात गंमत अशी की फळाच्या ज्या बाजूला ऊन लागतं तीच काळी होते, देठाच्या पाकळीखाली झाकलेला भाग फिका राहतो. मी वर उन्हाबद्दल जे सांगितलं त्याचा हा झाडानं दिलेला पुरावा आहे. भेंडीत वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेची ‘काशी लालिमा’ लाल-जांभळी आहे, शिजली की रंग बराचसा जातो.

एक फरक लक्षात असू द्या, सगळाच गडद लाल रंग अँथोसायनिनचा नसतो: लाल माठ आणि बीट यांचा लाल रंग वेगळ्या रंगद्रव्याचा, बीटासायनिनचा. शोभेच्या झाडांत अल्टरनँथेरा आणि आयरेसिन त्याच गटातले.

आता गुलाब. ताई, काळ्या गुलाबाचं बी कधीच मागवू नका. निळ्या गुलाबाचं आणि सप्तरंगी गुलाबाचंही नको. नाव असलेल्या जातीचा गुलाब बीपासून तसाच येत नाही. तो डोळा भरून, म्हणजे कलम करूनच वाढवतात. पाकिटावरचं चित्र रंगवलेलं असतं. काळ्याच्या जवळ जाणारा गुलाब म्हणजे ‘ब्लॅक बकारा’, तो गडद किरमिजी मखमलीचा आहे आणि त्याचं कलम मिळतं. त्याला वास जवळजवळ नाही, हे आधीच माहीत असू द्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास छाटलात तर साधारण दीड महिन्यानं फुलं येतात, आणि ती थंडीत येत असल्यानं रंग खरोखर गडद असतो. हेच झाड एप्रिलमध्ये साधं लाल फूल देईल. तेव्हा त्याला दोष देऊ नका, गरम रात्रींत रंग टिकत नाही.

थंडीचा हा उपयोग इतर फुलांसाठीही करून घ्या. काळ्या पेटुनिया, काळपट पॅन्सी, गडद हॉलीहॉक यांची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात तयार केली की डिसेंबर-जानेवारीत बहर येतो. त्या दोन महिन्यांत पानांचा काळेपणाही वर्षातला सगळ्यात चांगला असतो. पाहुणे बोलवायचे तर तेव्हा बोलवा.

काही झाडांचा सांगलीत हट्ट धरू नये. काळा बांबू, काळं मोंडो गवत आणि काळी बॅट फुलं महाबळेश्वर-पाचगणीला करून बघण्यासारखी आहेत. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, तिथे वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि जांभ्याची आम्लधर्मी लाल माती. तुमच्याकडे पाऊस सहाशेच्या आसपास आणि माती त्याच्या अगदी उलट. एका जिल्ह्याच्या अंतरावर दोन वेगळे मुलूख आहेत, म्हणून पाचगणीच्या नर्सरीत पाहिलेलं झाड सांगलीत तसंच राहील असं धरून चालू नका. काळं एओनियम (जाड, रसाळ पानांचं छोटं झाड) हिवाळ्यात तुमच्याकडेही छान दिसेल, पण उन्हाळ्यात ते झोपतं, पानं मिटून घेतं, आणि तेव्हा पाणी दिलं की कुजतं. तशाच रसाळ पानांच्या एचेव्हेरिया ‘ब्लॅक प्रिन्स’चंही पावसाळ्यात कुजणं होतं. ही दोन्ही वळचणीला, पाऊस न लागेल अशी ठेवा.

कीड. पिठ्या ढेकूण काळ्या पानावर कापसासारखा लगेच दिसतो, हा या झाडांचा एक फायदा. दिसल्या दिसल्या ओल्या फडक्यानं पुसा आणि निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या द्रावणात मिसळून, संध्याकाळी फवारा. लाल कोळी मात्र लपतो. मार्चनंतर पान धुळकट, राखाडी वाटू लागलं तर पानाखाली पांढरा कागद धरून झटका. कागदावर हलणारे ठिपके दिसले तर कोळी आहे, पानाच्या खालून जोरात पाणी मारा. ऊस हंगामात पाचट जाळल्याची काजळी आणि रस्त्याची धूळ तुमच्या गच्चीवर येत असणार. हिरव्या पानावर ती खपून जाते, काळ्या पानावर ती झाडाचा सगळा डौल घालवते. बोअरच्या पाण्याचे थेंब सुकले की पांढरे डाग पडतात, म्हणून पानं धुवायची ती साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं. चमक आणायला खोबरेल तेल लावू नका, त्यानं छिद्रं बुजतात आणि धूळ आणखी चिकटते.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते मांडणीत, आणि मला मनापासून वाटतं की अर्धी बाग तिथेच बिघडते किंवा साधते. काळं झाड सावलीत दिसत नाही. काळ्या झाडाशेजारी काळं झाड ठेवलं की दोन्ही नाहीशी होतात. आपल्याकडच्या काळ्या दगडी कंपाउंडपुढे ती ठेवाल तर दहा पावलांवरून तिथे रिकामी जागा आहे असं वाटेल. मागे फिकट भिंत हवी, पांढरी किंवा मातकट पिवळी. एका काळ्या झाडामागे दोन-तीन उजळ झाडं हवीत. अळवापुढे केशरी अबोली लावा, ती आपली आहे, बारमाही फुलते आणि काळ्या पानापुढे तिचा रंग जितका खुलतो तितका इतर कुठेच नाही. काळ्या रताळवेलाबरोबर त्याचाच पोपटी भाऊ सोडा. गोल्डन दुरंता, पांढरी सदाफुली, डस्टी मिलरची चंदेरी पानं, अंगणात आधीच मोगरा असेल तर तो, हे सगळे चांगले सोबती आहेत.

आणि ऊन झाडाच्या मागून येईल अशी जागा शोधा. तुमच्या ओसरीत सकाळी चहाला बसता ना, तिथून पूर्वेकडे बघताना सूर्य पानांच्या पलीकडे असतो. त्या ओळीत अळू, लाल युफोर्बिया किंवा जांभळी अंबाडी ठेवा. पानातून ऊन गाळून आलं की काळं पान माणकासारखं पेटतं. गच्चीवर हेच पश्चिमेच्या कठड्याला, संध्याकाळी. जागा पक्की करण्याआधी कुंडी दोन-तीन दिवस वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून बघा, जमिनीत लावायची घाई करू नका.

सासूबाईंचा मुद्दा मी हलका समजत नाही. घराच्या दारासमोर काय असावं हा घरच्यांच्या मनाचा प्रश्न आहे आणि बाग सगळ्यांची असते. दारासमोर वृंदावनात कृष्ण तुळस असू द्या, तिच्या पायाशी अबोली आणि पांढरी सदाफुली. तुळशीच्या काळेपणाला कुणाचीच हरकत नसते, तिला नावच सावळ्या देवाचं आहे. युफोर्बिया, अंबाडी, गवत ही बाजूला आणि गच्चीवर. काळ्या हळदीची लागवड सासूबाईंच्या हातानं करून घ्या. सांगलीच्या घरात हळद लावायला कोण नाही म्हणेल?

आत्ता हातात आहे ती झाडं सावरायची तर क्रम असा ठेवा. युरिया बंद. अळवाची कुंडी जिन्याखालून काढून आठवडाभर अंगणातल्या झाडाच्या कवडशात, मग पूर्वेच्या उन्हात, खाली पाण्याचं घमेलं. वेलाची हिरवी टोकं छाटून तो सकाळच्या उन्हात. गच्चीवरच्या करपलेल्या कुंड्या खाली आणून विटांवर ठेवा आणि एकदा भरपूर पाण्यानं क्षार धुऊन काढा. नवीन झाड महिनाभर काही आणू नका. महिन्यानं अळवाचं जे नवं पान उमलेल त्याचा रंग बघा. ते तुमच्या जागेचं खरं उत्तर देईल, आणि त्यावरून उरलेल्या जागेत काय लावायचं ते ठरवू.